अजांगची बायको

९ जानेवारी २००७

छावणीतल्या शाळेत बाई म्हणायच्या, रोज लिहा, काही घडलं नाही तरी लिहा. मी कधीच रोज लिहिलं नाही, कारण निर्वासितांच्या छावणीत काही घडायचंच नाही. धान्याच्या रांगेत उभं राहायचं आणि परत यायचं. इथे नदीकाठी आपल्या गावात परतल्यापासून मात्र इतकं घडतंय की लिहायला सवड नाही. झोपडीला छप्पर झालं, गायीला वासरू झालं, आणि आज मला मागणी आली.

मागणी अजांगची. अजांग लढाईत गेला त्याला नऊ वर्षं झाली.

यात दचकण्यासारखं काही नाही. माझी आजीसुद्धा मेलेल्या माणसालाच दिलेली होती. पोरगा लग्नाआधी गेला तर धाकट्या भावाने त्याच्या नावाने गुरं द्यायची, त्याच्या नावाने बायको आणायची, आणि होतील ती पोरं थोरल्याची. नाहीतर गेलेल्याचं नाव बुडतं, त्याचं डोकं आडवंच राहतं, असं आमच्यात म्हणतात. युद्धात इतकी डोकी आडवी पडली की आता शांतता झाल्यावर ऊठसूट कुठे ना कुठे असं लग्न आहेच.

मागणी घेऊन अजांगचे काका आले, लुआलकाका. बाबांनी विचारलं, मुलगा कसा होता? काका म्हणाले, शूर होता, उंच होता, देशासाठी लढता लढता गेला. मी चटईच्या आडोशाला बसून ऐकत होते. गेल्या महिन्यात माझ्या चुलतबहिणीला आलेलं स्थळही शूर, उंच आणि लढता लढताच गेलेलं होतं. आमच्या सैन्यात एक तरी बुटका असेल की नाही?

बाबा म्हणाले, पोरीला विचारतो, ती हो म्हणाली तर हो. बाबा तसे चांगले आहेत.

१२ जानेवारी

धाकटा भाऊ पाहिला. मातियोक त्याचं नाव. अजांगच्या जागी लग्नाला हा उभा राहणार, संसारही याच्याचबरोबर. मी नि माझी मैत्रीण अतोंग पाणी भरायला गेलो होतो, हा बैलांना नदीवर घेऊन आलेला. मी सरळ विचारलं, "तुझा भाऊ कसा होता रे?" त्याने बैलाकडे पाहिलं, नदीकडे पाहिलं, मग म्हणाला, "चांगला होता." संपलं. गोगलगाय याच्यापेक्षा जास्त बोलत असेल.

आम्ही पाय धुवून वर पाहतो तर आमचे भरलेले कॅन चढ चढून पायवाटेवर जाऊन बसलेले. अतोंग म्हणाली, त्यानेच ठेवले. मी म्हटलं, बैलांच्या वाटेत येत असतील म्हणून सरकवले. अतोंग उगाचच हसत बसली. तिला कशाचंही हसू येतं.

२१ जानेवारी

आज मी नि अतोंग धान्याची चाळणी मागायच्या निमित्ताने अजांगच्या आईकडे गेलो. आमच्याकडे दोन चाळण्या आहेत आणि हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची कला मला कधी जमलीच नाही.

तिचं नाव अचियेक. बारीक, ताठ, डोळे सतत कामात. तिने चाळणी दिली, शेंगदाणे पुढे केले आणि अजांगचं नाव निघताच आवाज खाली आणला. आमच्या गावात सगळेच गेलेल्यांबद्दल असे हळू बोलतात, जणू ते शेजारच्या खोलीत झोपलेत. शूर होता म्हणाली. देशासाठी गेला म्हणाली. मी म्हटलं, "ते काकांनी सांगितलं. लहानपणी कसा होता?"

ती शेंगदाणे सोलायला लागली. मग म्हणाली की तो सोळाव्या वर्षी वय वाढवून सांगून भरती झाला. हिला कळलं तशी ही दीड दिवस चालत तळावर गेली आणि सगळ्या सैनिकांसमोर कान धरून त्याला घरी घेऊन आली. "वाटेत सगळा वेळ रडत होता," ती म्हणाली, "दुखतंय म्हणून नाही, तळावर जेवण राहिलं म्हणून." हे सांगताना तिचा आवाज थोडा वर आला. पण बाहेर मातियोक लाकडं टाकायला आला, तशी ती गप्प झाली. पुन्हा पळून गेला तेव्हा तिने जाऊ दिलं, एवढंच नंतर म्हणाली.

परत येताना अतोंगने विचारलं, "मग? हो की नाही?" मी म्हटलं, अजून माणूस दिसत नाही. कान दिसला फक्त.

२ फेब्रुवारी

उद्या नवऱ्याकडचे सोबती येणार. आमच्यात मुलाचे दोस्त मुलीच्या दारात येतात आणि मुलीच्या मैत्रिणी त्यांना सोलून काढतात. नवरा काळा, नवरा आळशी, नवऱ्याचा बैल लंगडा, काय वाट्टेल ते. दोस्तांनी हजरजबाबी उत्तरं द्यायची. जो चिडला तो हरला. पण नवरा गेलेला असला की हल्ली सगळे हे गाळतात. मान खाली घालून चहा पितात आणि उठतात. लुआलकाकांनी तसा निरोपही पाठवलाय, पोरींना आवरा म्हणून.

मी अतोंगला म्हटलं, माझं लग्न एकदाच होणार आहे. मला पूर्ण पाहिजे.

अतोंग म्हणाली, "मेलेल्याची टिंगल करायची? वेड लागलंय का तुला?" मी म्हटलं, त्याला नवरदेव म्हणता ना? मग नवरदेवासारखं वागवा. मलाही आतून भीती वाटतेच आहे. अचियेक उठून गेली तर? तिला दुखवून मिळवलेली उत्तरं मी कुठे ठेवू? पण काही न विचारता मी एका नावाबरोबर जन्म काढायचा का? नाहीच काही कळलं तर मी नाही म्हणणार आहे. हे अजून कुणाला सांगितलेलं नाही.

३ फेब्रुवारी

आजचं सगळं लिहून ठेवते.

चिंचेखाली चटया घातल्या होत्या. अजांगच्या तुकडीतले सहाजण आले. त्यांचा म्होरक्या चागाय. त्याचा एक पाय पुढच्या कुठल्याशा लढाईत गेला. कुबडी अशी मिरवतो की वाटावं बक्षिसात मिळालीय. मातियोक सगळ्यांच्या मागे. लुआलकाका मध्ये काठी घेऊन. बायका एका बाजूला, त्यांच्यात अचियेक.

चहा आला. सगळ्यांच्या माना खाली. मी अतोंगला कोपराने ढोसलं.

अतोंग उभी राहिली. आवाज जरा कापत होता, पण मोठा होता. "चहा पिताय ते ठीक. पण नवरदेव कुठाय? नऊ वर्षं वाट बघतोय आम्ही. एवढा कसला भाव खातोय तो?"

चटईवर एकाचा पेला तसाच हातात राहिला. काकांनी काठी जमिनीवर आपटली. चागाय आपल्या नसलेल्या पायाकडे बघायला लागला. मला वाटलं, संपलं, हे लग्नही आणि आपलं या गावातलं तोंडही.

तेवढ्यात बायकांमधून आवाज आला. "तो असाच. जेवायला हाक मारल्याशिवाय कधी वेळेवर आलाय का कुठे?"

अचियेक होती. मान वर करून, सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली. आधी एक म्हातारी हसली, मग सगळ्याच.

मग आम्हाला कोण आवरणार? पोरींनी विचारलं, उंच होता म्हणतात, चिंचा हाताने काढायचा का? चागाय म्हणाला, "उंच? कोण म्हणालं उंच? माझ्या खांद्याला लागायचा. तेही टाचा उचलून." काकांनी घसा खाकरला. शूर तरी होता का? शत्रूला नाही घाबरायचा, पण पाणघोडा डुरकला की थरथरायचा, असं दुसऱ्याने सांगितलं. नेम? पूर्ण तुकडीत सगळ्यात वाईट. झाडावर मारलेली गोळी झाड सोडून बाकी सगळीकडे जायची. गाणं तरी येत होतं? "आपल्या बैलावर गाणं रचलं होतं त्याने," चागाय म्हणाला. "तो गायला लागला की बगळे उडून जायचे आणि आमचा सुभेदार म्हणायचा, बरं झालं, आता शत्रूही पळेल."

मातियोक हसत होता. मान खाली घालून, पण खांदे हलत होते. याला हसता येतं हे मला नवीन होतं.

मग मीच बोलले. मुलीने स्वतः बोलायचं नसतं, पण राहवलं नाही. "नेम नाही, उंची नाही, गळा नाही. मग ठेवला कशाला होता त्याला?"

"माशांसाठी," चागाय म्हणाला.

आणि मग त्याने सांगितलं. तुकडीला धान्य पोचायचं नाही, तेव्हा अजांग पाण्यात उतरायचा आणि सगळ्यांचं पोट भरायचा. पाणघोड्याला घाबरणारा माणूस, तरी रोज उतरायचा. आजाऱ्याला मधला तुकडा, स्वतःला शेपूट. त्या दिवशी त्याने चटईभर मासे वाळत घातले होते. विमान आलं. सगळे खड्ड्यात पळाले. अजांगही आला. मग वर डोकावून म्हणाला, मासे राहिले, गवत पेटलं तर जळतील. चागायने त्याचा सदरा धरला होता. "सदरा माझ्या हातात राहिला, हा उघडाच पळाला. चटई ओढत ओढत आणली, खड्ड्यात ढकलली. स्वतः आत यायच्या आधी बॉम्ब पडला." एकोणीस वर्षांचा होता. लढता लढता वगैरे काही नाही.

कुणी हसलं नाही. कुणी रडलंही नाही. सगळे अचियेककडे बघत होते.

ती म्हणाली, "मासे वाचले का?"

"वाचले, आई. सगळे वाचले. आम्ही खाल्ले. रडत होतो, पण खाल्ले."

"मग बरं झालं," अचियेक म्हणाली. "नाहीतर फार चिडला असता." आणि ती हसायला लागली, डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि हसत होती, शेजारणीच्या मांडीवर हात मारून मारून.

४ फेब्रुवारी

घरात वादळ. लुआलकाका सकाळीच आले. चागायला शिव्या घातल्या, मला नाही घातल्या पण बघितलं तसं. म्हणाले, कुळाची शोभा झाली. बाबाही कचरले. "लोक म्हणतील, आलुएलचा नवरा माशांसाठी मेला. पोरांना सांगशील काय?"

मी म्हटलं, "हेच सांगीन. शूर आणि उंच घरोघरी आहेत, बाबा. दुसऱ्यांच्या जेवणासाठी परत पळणारा मला एकच भेटला. मी याच्याशीच लग्न करणार."

काकांनी काठी आपटली. आज ती आपटण्यात दम नव्हता.

६ फेब्रुवारी

मातियोक आला होता. दाराबाहेर उभा राहून एका दमात बोलला, बहुधा वाटेत पाठ करून आला होता. "तू काल रागाच्या भरात हो म्हणाली असशील तर नाही म्हण. काकांना मी बघून घेईन." मी म्हटलं, राग नव्हता, आणि काल नाही, परवा. तो म्हणाला, "आई त्याचं नाव घेऊन हसली. मी तेरा वर्षांचा होतो तेव्हापासून हे ऐकलं नव्हतं." आणि गेला. माझ्या आईने दाणे भाजलेले होते, ते ठेवलेच. अर्थात मुलीसमोर तो खाणार नाहीच, रीत आहे. तरी थांबला असता तर बिघडलं नसतं.

११ मार्च

लग्न झालं. लिहायला हात उचलत नाही इतकी नाचले आहे.

पवित्र भाला बाळगणाऱ्या पुजाऱ्याने पाणी शिंपडलं, अजांगचं नाव घेतलं, माझं घेतलं, बैलाला धन्यवाद दिले आणि मग बैल कापला. पोरांनी हात शिंगांसारखे वर करून उड्या मारल्या, धूळ इतकी की चागाय कुबडीसकट दिसेनासा झाला. तो एका पायावर आमच्या सगळ्यांपेक्षा उंच उडत होता. अजांगचं बैलाचं गाणं म्हटलं गेलं. चांगलं गाणं आहे. चागायने ते मुद्दाम त्याच्यासारखं बेसूर म्हणून दाखवलं, तर अचियेक म्हणाली, एवढंही वाईट नव्हतं हो, आणि मग जरा थांबून, होतं म्हणा.

गोगलगायीला नाचता येतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

२९ एप्रिल

सासूच्या घरात पहिला स्वयंपाक केला. आता मी या घरात शिजवू शकते, आणि आजपासून मातियोक माझ्यासमोर खाऊ शकतो. तो बसला, माझ्यासमोर, तोंड न फिरवता, ज्वारीची पेज आणि मासा. मी खोटं कशाला लिहू, त्याला खाताना बघायला मला बरं वाटलं. मासा कसा झाला विचारलं तर म्हणाला, "चांगला." हा शब्द तो भावालाही वापरतो आणि माशालाही.

कधी कधी वाटतं, मी नक्की कुणाची बायको? कुणी विचारलं की जीभ सरळ अजांग म्हणते. त्याला मी आता ओळखते, त्याच्यावर मनातल्या मनात ओरडतेसुद्धा, खड्ड्यातून बाहेर कशाला गेलास म्हणून. पण वाटेवर डोळे लागतात ते गुरं परत येतात त्या वेळी. हे काय आहे ते मला कळत नाही. अतोंगला सांगितलं तर ती पुन्हा हसली.

१७ डिसेंबर

मुलगी झाली. अलेक. अचियेकने अंगणात उभं राहून हाळी दिली, अजांगला मुलगी झाली, अजांगला मुलगी झाली. नदीपलीकडे ऐकू गेलं असेल.

मातियोक गोठ्यामागे जाऊन उभा होता. मग आत आला, तिला हातात घेतलं. मला वाटलं आता काही तरी बोलेल. बराच वेळ बघून म्हणाला, "भावावर गेलीय. बुटकी आहे."

२० फेब्रुवारी २०१०

मधली पानं कोरी राहिली. अलेकने त्यांतली काही खाल्ली.

लुआलकाका म्हणतात, भावाचं ऋण झालं, आता मातियोकने स्वतःच्या नावाने बायको आणावी. बरोबर आहे, त्यालाही स्वतःचं नाव लागणारी पोरं हवीत. घरची मोठी सून म्हणून मुली बघायचं काम माझ्याकडे. पहिली पाहिली, तिचं हसणं फार मोठं. दुसरीची चाल बरी नाही. तिसरीत काही खोट सापडली नाही, म्हणून ती मला मुळीच आवडली नाही. मातियोकला विचारलं तर म्हणतो, "तुला आवडेल ती." असलं उत्तर देणाऱ्या माणसाचं करायचं काय? दोन दिवस मी त्याच्याशी बोलले नाही. का ते मलाही सांगता येणार नाही.

६ मार्च

काकांना निरोप पाठवला की मातियोकसाठी मुली मी बघणार नाही, ज्यांना बघायच्या त्यांनी बघाव्यात. आज जे झालं त्यामुळे पाठवला.

आम्ही सगळे धक्क्यावर गेलो होतो, मीठ आणि साखर घेऊन होडी येणार होती. अलेक मातियोकच्या खांद्यावर, त्याचे कान धरून. होडीतून एक दाढीवाला उतरला. आधी मातियोककडे नीट बघितलं, मग अलेककडे. पोरीला म्हणाला, "तू कुणाची गं?"

मी सांगायला तोंड उघडलं. मातियोकनेही उघडलं. इतकी वर्षं आम्हीच सांगत आलो आहोत. पण अलेक आमच्याआधी बोलली.

"अजांगची."

त्या माणसाने हातातलं पोतं खाली ठेवलं. तो अजांगच्याच तुकडीतला निघाला. मग त्याने मातियोककडे बोट करून विचारलं, "आणि हा कोण, ज्याच्यावर बसलीस?"

"हा मातियोक," अलेक म्हणाली. "हा आमचा."

मी मातियोककडे पाहिलं नाही, पाहिलं असतं तर तिथेच रडले असते. तोच इतका हसला की पोरगी पडेल म्हणून मी तिला खाली घेतली. मग माझ्या लक्षात आलं की त्याने माझा हात धरला आहे, भर धक्क्यावर, लोकांदेखत, आणि मी तो सोडवत नाही.

अचियेक मिठाची टोपली घेऊन मागून आली. तिचे कान असे आहेत की नदीपलीकडचं वासरू हंबरलं तर कुणाचं ते सांगते. तरी टोपली खाली ठेवून ती त्या माणसाला म्हणाली, "मला नीट ऐकू नाही आलं. परत विचार तिला."

त्याने परत विचारलं, तू कुणाची गं? अलेकने छाती भरून श्वास घेतला आणि अशी ओरडली की होडीतले लोक वळून बघायला लागले. अचियेकने डोळे मिटून ऐकलं.

"आणखी एकदा," ती म्हणाली.